मध्ये पडणारी माणसं

अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये 'लेक ट्राउट' नावाचा तळलेला मासा मिळतो. तो तळ्यातला नसतो आणि ट्राउटही नसतो. समुद्रातल्या व्हायटिंग नावाच्या साध्या माशाला हे नाव का चिकटलं, याच्या चार जण चार कथा सांगतात. मला त्याचं सोयरसुतक नाही. पांढऱ्या पावाच्या दोन स्लाइसमध्ये कोंबलेला, तिखट सॉस मारलेला तो मासा कागदात गुंडाळून हातात पडला की आठवड्याचा शीण उतरतो. म्हणून शुक्रवारी प्रयोगशाळेतून घरी येताना मी पूर्व बाल्टिमोरमधल्या एका कळकट दुकानापाशी थांबते. तिथे गिऱ्हाईक आणि मालक यांच्यामध्ये छतापर्यंत जाड बुलेटप्रूफ प्लास्टिक आहे आणि त्यात एक फिरता खण. खणात पैसे ठेवायचे, तो गर्रकन फिरतो आणि मासा बाहेर येतो. इतक्या वर्षांत मालकाच्या हाताला माझा हात एकदाही लागलेला नाही.

२०१४ च्या ऑक्टोबरातली गोष्ट. संध्याकाळचे साडेसहा झाले असतील. माझ्यापुढे रांगेत दोन मुलं होती, सतरा-अठराची. तिसरा आत आला आणि दुकानातली हवाच बदलली. कुणी आवाज चढवला नाही. पहिल्याने फक्त मोबाइल खिशात घातला आणि हात खिशातच ठेवला. ज्यांचं लहानपण लालबाग-परळमध्ये गेलंय त्यांना ही शांतता ओळखू येते. राडा व्हायच्या आधीचं अर्धं मिनिट असंच असतं. मी भिंतीला चिकटले. डोक्यात आईचा आवाज सुरू झाला होता : मध्ये पडू नकोस.

तेवढ्यात नारिंगी टी-शर्टातला एक पन्नाशीचा माणूस दार ढकलून आत आला. पोट सुटलेलं, एका पायाने किंचित लंगडणारा. त्या तिघांकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही, निदान मला तरी तसं वाटलं. सरळ खिडकीशी गेला, चिकन बॉक्स सांगितला आणि मागे न वळताच, खिशात हात असलेल्या पोराला म्हणाला, "आज आजीचं डायलिसिस होतं ना? कोण घेऊन गेलं?"

पोरगा गप्प.

"तुला विचारतोय मी."

"मावशी."

"बरं झालं. चल, मला एका बाईचा फ्रिज खाली उतरवायचाय. माझा पाय तुला माहितीये, एकट्याला नाही जमणार."

खण फिरला. चिकनचा तो भलामोठा बॉक्स, वर चहा-लिंबूसरबताचा ग्लास, सगळं त्याने उचललं आणि त्या पोराच्या पुढ्यात धरलं. "धर." असा बॉक्स धरायला दोन हात लागतात. पोराचे दोन्ही हात खिशाबाहेर आले. दोघं दाराबाहेर पडले, एका जुन्या गाडीत बसले आणि गेले. आत आलेला तिसरा मुलगा थोडा वेळ दाराकडे बघत राहिला, मग त्याने फ्राइज सांगितल्या.

माझा मासा आला तेव्हा माझे हात थरथरत होते.

पुढे त्या माणसाची आणि माझी तोंडओळख झाली. मी फोन करून भेटायला वगैरे गेले नाही. तोच दुकानात भेटायचा. एकदा मी विचारलंच, त्या दिवशीचा फ्रिज उतरला का? तो खो-खो हसला. फ्रिज नव्हताच. गाडीत बसल्यावर त्याने तीन बायकांना फोन केले, चौथीच्या माळ्यावर बंद पडलेलं वॉशिंग मशीन निघालं. ते दोघांनी मिळून दोन जिने उतरवलं. "उतरवावंच लागलं," तो म्हणाला. "नाहीतर पोरगं उद्या म्हणालं असतं, म्हातारा खोटं बोलला. मग परवा कोण ऐकणार माझं?"

हा आणि याच्यासारखी नारिंगी शर्टातली माणसं 'सेफ स्ट्रीट्स' नावाच्या उपक्रमात काम करतात. गोळीबार व्हायच्या आधीच तो थांबवायचा, हे त्यांचं काम. २००७ मध्ये मॅकएल्डरी पार्क या पूर्व बाल्टिमोरमधल्या वस्तीत तो सुरू झाला. सुरू कुणी केला, तर शहराच्या आरोग्य खात्याने. लसीकरण, कुत्रा चावणं, उंदरांचा बंदोबस्त बघणाऱ्या खात्याकडे गोळीबारही. मला आधी गंमत वाटली होती. आपल्याकडे महाराष्ट्रात त्याच वर्षी, १५ ऑगस्ट २००७ ला, तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली होती. ती गृह खात्याची. बांधाची भांडणं, भावकीतले दावे गावातच मिटवायचे, तंटामुक्त झालेल्या गावाला बक्षीस. एकाच वर्षी, पृथ्वीच्या दोन टोकांना, दोन सरकारांना एकच गोष्ट सुचली होती, की भांडणाच्या मुळाशी जायचं तर भांडणाऱ्यांच्या ओळखीचा माणूस लागतो.

आरोग्य खात्याचं कारण नंतर कळलं. ही कल्पना शिकागोच्या गॅरी स्लटकिन या डॉक्टरांची. त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोत क्षयावर काम केलं होतं, सोमालियातल्या निर्वासितांच्या छावण्यांत कॉलऱ्यावर आणि युगांडात एड्सवर. १९९५ च्या सुमारास ते घरी परतले आणि शिकागोतल्या खुनांचे नकाशे बघून त्यांना वाटलं, हे आपण आधी पाहिलंय. एका ठिपक्याभोवती दहा ठिपके. साथ अशीच दिसते. साथीत काय करतात? लागण झालेल्या वस्तीतलाच माणूस आरोग्यसेवक म्हणून नेमतात, कारण ज्या घरात ताप आहे त्या घराचं दार त्यालाच उघडतं. त्याच हिशोबाने २००० मध्ये शिकागोच्या वेस्ट गारफिल्ड पार्कमध्ये काम सुरू झालं. पुढे २००४ मध्ये टिओ हार्डिमन यांनी त्यात खास भांडणात शिरणारी माणसं घेतली : 'व्हायोलन्स इंटरप्टर'. बहुतेक जण कधीकाळी त्याच धंद्यात असलेले, तुरुंगात वर्षं काढून आलेले.

इंटरप्टर. मी या शब्दाला मराठी शोधत बसले होते. हिंसाप्रतिबंधक, हस्तक्षेपक, मध्यस्थ. सगळे सरकारी कागदावरचे शब्द. आणि खरा शब्द तर माझ्या आईने मला जन्मभर ऐकवला होता. मध्ये पडणारा.

'मध्ये पडू नकोस' हे आमच्या घरात 'हात धुवून ये'सारखं सारखं म्हटलं जायचं. चाळीत खाली आरडाओरडा झाला की आई आधी दाराला कडी घालायची, मग आम्हा दोघी बहिणींना आत ढकलायची आणि मग स्वतः गॅलरीत जाऊन बघायची. बघायला तिची हरकत नव्हती. मध्ये पडायला होती. भाषासुद्धा बघा कशी आहे : भांडणात कुणी 'मध्ये उभा राहत' नाही, 'पडतो'च. पडणार हे गृहीतच धरलेलं.

आमच्या चाळीत पडणारे एकच होते. तळमजल्यावरचे नाना. गिरणीत साचे सांभाळायचे, संध्याकाळी भजनी मंडळात टाळ. आमची चाळ आणि समोरची वाडी यांच्यात गणपतीच्या वर्गणीवरून नाहीतर दहीहंडीवरून दरवर्षी जुंपायची. पोरं समोरासमोर आली की नाना घरातलं बाकडं उचलून आणायचे, दोन्ही टोळक्यांच्या मधोमध टाकायचे, त्यावर बसायचे आणि चंचीतून अडकित्ता काढून सुपारी कातरायला घ्यायचे. बोलायचे नाहीत फार. एकेकाचं नाव घेऊन आईची चौकशी. तुझ्या बापाचा पगार झाला का रे? तुझ्या बहिणीचं ठरलं का? कातरलेली सुपारी दोन्हीकडे पुढे करायचे. म्हाताऱ्या माणसाने पुढे केलेली सुपारी नाकारून त्याच्या डोक्यावरून दगड मारायचा, हे त्या पोरांना जमायचं नाही. पुढे आमच्या भागात 'सुपारी'चा अर्थ बदलला. तेव्हा ती अडकित्त्यानेच फुटायची.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाख गिरणी कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या मागे गेले आणि त्यातले कितीतरी कधीच परत आत गेले नाहीत. तो संप कधी मिटला ते आजही कुणाला सांगता येणार नाही. मिटलाच नाही म्हणतात. नानांचं काम गेलं, तसं त्या पोरांच्या बापांचंही गेलं. पोरं मोठी झाली. हॉकी स्टिका आल्या, मग चॉपर, मग घोडा, म्हणजे पिस्तूल. कोण कुणाकडे उठतो-बसतो ते कुजबुजत बोललं जाऊ लागलं. भायखळ्याच्या टोळीचं नाव घेताना माणसं इकडेतिकडे बघायची. एका गणपतीत नाना नेहमीसारखे बाकडं घेऊन गेले आणि त्यांच्या उजव्या हाताची दोन हाडं मोडली. कुणाची स्टिक लागली ते त्यांना माहीत होतं. त्यांनी सांगितलं नाही. पोलीस येऊन गेले, "जिन्यावरून पडलो" हेच त्यांचं उत्तर. नानी मात्र महिनाभर त्यांना पेज भरवताना एकच वाक्य म्हणत होत्या, "कोणी सांगितलं होतं मध्ये पडायला?"

तेव्हा मला वाटलं होतं, नाना घाबरले. आता वाटतं, तो हात मोडल्यावरही त्यांना पुढच्या वर्षी त्याच बाकड्यावर बसायचं होतं.

कारण सेफ स्ट्रीट्सच्या माणसांचाही पहिला नियम हाच आहे. पोलिसांना काही सांगायचं नाही. कोणाकडे काय आहे, कोण कोणाला शोधतोय, हे त्यांना सगळ्यात आधी कळतं आणि ते त्यांच्यापाशीच राहतं. एकदा जरी कुजबुज झाली की हा तिकडे बोलतो, तर त्याचा शब्द संपला, आणि बहुधा तोही. हे मला सुरुवातीला पचलं नाही. अजूनही पूर्ण पचलंय असं नाही. खुनाची माहिती असून गप्प बसणं म्हणजे काय, हा प्रश्न मी त्या नारिंगी शर्टवाल्याला विचारला होता. तो म्हणाला, "पोलीस येतात ते झाल्यावर. मी जातो ते व्हायच्या आधी. आधी काहीच झालेलं नसतं, मग सांगणार काय?"

मुंबईकराला इथे 'मांडवली' शब्द आठवणार. मलाही आठवला. दोन पार्ट्या, मधला माणूस, टेबलावर तडजोड. पण मांडवली करणाऱ्याचा हिस्सा असतो; हिस्सा नसेल तर निदान वट वाढते, आणि त्याच्या मागे कुणाची तरी ताकद उभी असते म्हणून त्याचं ऐकतात. इथल्या माणसाच्या मागे कुणी नाही. शस्त्र नाही, बिल्ला नाही, पगार बेताचा. पूर्वी त्याच्यामागे टोळी होती तेव्हा तो जास्त सुरक्षित होता.

डान्टे बार्क्सडेल हे नाव बाल्टिमोरमध्ये सगळ्यांना माहीत होतं. लोक त्यांना 'टेटर' म्हणायचे. तरुणपणी ड्रग्ज विकलेली, त्यापायी तुरुंगात वर्षं काढलेली. नंतर सेफ स्ट्रीट्सचा ओळखीचा चेहरा. महापौरांपासून नाक्यावरच्या पोरापर्यंत सगळे त्यांना एकेरीत हाक मारत. १७ जानेवारी २०२१, रविवार. डग्लस होम्स या सरकारी घरांच्या वसाहतीत त्यांना गोळ्या घातल्या. ४६ वर्षांचे होते. त्याच वर्षी जुलैत चेरी हिल भागातल्या दुसऱ्या कार्यकर्त्याला गोळी लागली. तो स्वतः गाडी चालवत हॉस्पिटलपर्यंत गेला आणि तिथे त्याने प्राण सोडला. २०२२ च्या जानेवारीत तिसरा, तिशीच्या आतला, ईस्ट मॉन्युमेंट स्ट्रीटवर. त्या गोळीबारात त्याच्याबरोबर आणखी दोघे मेले. साधारण वर्षभरात तिघं.

मी त्या दुसऱ्या माणसाचा बरेच दिवस विचार करत होते. गोळी लागलेला माणूस स्टिअरिंग धरून सिग्नलला थांबला असेल का?

अशा वेळी मला वसंत-रजब आठवतात. वसंतराव हेगिष्टे हे अहमदाबादेत वाढलेले मराठी गृहस्थ आणि रजबअली लाखाणी त्यांचा खोजा मित्र. दोघे काँग्रेस सेवादलाचे कार्यकर्ते. १ जुलै १९४६, रथयात्रेचा दिवस, हिंदू-मुस्लिम दंग्याने शहर पेटलेलं. जमालपूर भागात जमावाच्या आड हे दोघे गेले आणि दोघेही मारले गेले. अहमदाबादेत त्यांची नावं अजूनही जोडीनेच घेतात, मधल्या रेघेसकट, जणू एकच माणूस. आपल्याकडे महाराष्ट्रात हेगिष्टे किती जणांना ठाऊक आहेत, कुणास ठाऊक. शाळेच्या पुस्तकात मला तरी भेटले नाहीत.

साथीच्या उपमेशी माझं थोडं भांडण आहे, तेही लिहिते. जंतूला बाप नसतो, त्याची नोकरी जात नाही. १९१० मध्ये बाल्टिमोरने कृष्णवर्णीयांनी कुठल्या गल्लीत राहायचं आणि गोऱ्यांनी कुठल्या, याचा कायदाच केला होता; अमेरिकेतला तसला तो पहिला. १९१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असले कायदे मोडीत काढले, पण वस्त्या ज्या वाटून गेल्या त्या गेल्या. शहराजवळच्या स्पॅरोज पॉइंटच्या पोलाद कारखान्यात भरभराटीच्या काळात ३०,००० माणसं होती. कारखाना २०१२ मध्ये बंद झाला. १९५० मध्ये साडेनऊ लाखांचं असलेलं हे शहर आता सहा लाखांच्याही आत आलंय. माझ्या ऑफिसच्या रस्त्यावर संगमरवरी पायऱ्यांची सुंदर घरं आहेत आणि त्यांच्या खिडक्यांना प्लायवूड ठोकलेलं आहे. लालबागच्या चिमण्या जशा धूर न काढता नुसत्या उभ्या राहायच्या, तशीच ही घरं. याला साथ म्हटलं की मग औषध शोधायचं, आणि कारखाना कुणी बंद केला हे विचारायची गरज राहत नाही. त्या नारिंगी शर्टवाल्याचं मात्र उपमेशी काही वाकडं नाही. "आजार म्हणा, पाप म्हणा. मला आज रात्रीचं बघायचंय."

काम चांगलं म्हणून सगळं गोड आहे असंही नाही. २०१५ मध्ये इथल्याच एका केंद्राच्या ऑफिसात पोलिसांना बंदुका आणि ड्रग्ज सापडले, माणसं आत गेली, केंद्र काही काळ बंद पडलं. जुन्या धंद्यातली माणसं घेतली की त्यातलं कुणीतरी परत घसरणार, हे उघड आहे. आकड्यांचंही तसंच. २०१५ ते २०२२ अशी सलग आठ वर्षं या शहरात दरवर्षी ३०० हून जास्त खून झाले. २०२४ मध्ये ते २०१ वर आले. श्रेय घ्यायला पोलीस आले, सरकारी वकील आले, महापौर आले. न झालेल्या खुनाची नोंद कुठल्याच रजिस्टरात होत नाही, त्यामुळे कुणाला खोटंही पाडता येत नाही. २०२५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या न्याय खात्याने देशभरातल्या अशा कामांची कितीतरी अनुदानं मुदतीआधीच रद्द केली. त्याला मात्र नोंद आहे.

गेल्या हिवाळ्यात दुकानापासून दोन चौक पलीकडे एका मुलाला गोळी लागली. वाचला तो. गोळीबार झाला की ७२ तासांच्या आत त्याच जागी जमायचं, असा यांचा रिवाज आहे. मोर्चा नाही, सभाही नाही. वस्तीतली माणसं येतात, कुणीतरी मेगाफोनवर बोलतं, पोरांना काहीतरी खायला देतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला कळतं की इथे जे झालं ते आम्हाला चालणार नाही. मी मासा घेऊन गाडीकडे निघाले होते. थंडी अशी की नाकातलं पाणी गोठत होतं. बसस्टॉपच्या आडोशाने थोडा वेळ बघावं, म्हणून थांबले. बघायला हरकत नव्हती.

पंचवीस-तीस माणसं असतील. बायकाच जास्त. एका बाईने मोठ्या पातेल्यातून कागदी ग्लासांत सूप भरायला घेतलं होतं. माझा ओळखीचा माणूस मेगाफोन तोंडाशी धरून उभा होता, आता काठी आली होती हातात. दोन वाक्यं बोलला आणि मेगाफोन घरघरून बंद पडला. त्याने तो उलटा केला, झाकण उघडलं, बॅटऱ्या काढल्या. खिशातून नव्या काढायच्या तर काठी, मेगाफोन, जुन्या बॅटऱ्या, हात दोनच. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि मी दिसले.

"ए, बॉम्बे," तो ओरडला. "इकडे ये. धर हे."

मी गेले. मासा काखेत धरला, त्याने माझ्या हातात सहा जुन्या बॅटऱ्या ठेवल्या, वर ते झाकण. नव्या बॅटऱ्या घालून झाल्यावर झाकण घेतलं, बॅटऱ्या घ्यायला विसरला, बोलायला लागला. आता त्या टाकायच्या कुठे, म्हणून मी तिथेच उभी राहिले. त्याच्या डाव्या हाताला, सगळ्यांच्या पुढे. रस्त्याच्या पलीकडे एक काळी गाडी काचा वर करून इंजिन सुरू ठेवून उभी होती. त्यानेही ती पाहिली होती. बोलता बोलता तो अर्धा पाऊल सरकला आणि माझ्या आणि त्या गाडीच्या मध्ये आला. आवाज तोच, वाक्यही तोडलं नाही.

गाडी थोड्या वेळाने गेली. कोणाची होती, काय होती, कोण जाणे. पत्ता शोधणारं कुणी असेल.

रात्री आईचा फोन आला. तिकडे सकाळ होती. उशीर का झाला, तिने विचारलं. रस्त्यात माणसं जमली होती, मी म्हटलं.

"मध्ये नाही ना पडलीस?"

"नाही गं. बाजूला उभी होते."

फोन ठेवून कोट काढला तेव्हा खिसा जड लागला. बॅटऱ्या तिथेच होत्या.